विटेचा बैल

१४ जुलै

खेळ शिकायला कॉलेजात का जावं लागतं? आज जेवताना बाबांनी हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. वहीला तरी खरं सांगते.

ते चिडले नव्हते. भातात वरण कालवत म्हणाले, "मने, कोंबडीच्या पिल्लाले कोनी चरायले शिकवते का? मंग लेकरायले खेळायले काहून शिकव लागते? अन् ते शिकवायसाठी तुले काहून शिक लागते?"

आई हसायला लागली. मी म्हटलं, "बाबा, ते शास्त्र आहे." 

बाबा गवंडी आहेत. आमच्या करडीत आणि आसपासच्या गावांत कितीतरी घरांच्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत. मी बी.ए. झाले त्या दिवशी त्यांनी वस्तीत बुंदी वाटली. विहारात बाबासाहेबांच्या फोटोपुढे माझी गुणपत्रिका ठेवली आणि हात जोडून बराच वेळ उभे राहिले. घरातली पहिली पदवी. त्यांना वाटलं, आता पोरगी तलाठ्याची परीक्षा देईल. पोरीने भंडाऱ्याला बालशिक्षणाच्या पदविकेत नाव घातलं. तीन दिवस कॉलेज, तीन दिवस आपल्याच गावच्या अंगणवाडीत काम. या सत्राचा विषय: लहान मुलांचा खेळ.

"म्या हातात थापी धरली का तुया हातात पेन यावा," असं बाबा नेहमी म्हणतात. आज तेवढं म्हणाले नाहीत. ते न म्हणणंच मला जास्त लागलं.

१७ जुलै

अंगणवाडीचा पहिला दिवस. आमची वस्ती आणि मारुतीकडचा मोहल्ला यांच्या बरोबर मधे अंगणवाडी आहे, त्यामुळे दोन्हीकडची मुलं येतात. मीही इथेच शिकले. दाराची चौकट तेव्हा केवढी उंच वाटायची.

सेविका निर्मलाबाई म्हणाल्या, "बसा मॅडम. पोट्टे काही पळून जात नाही. पळाल्या त तुमीच पळान."

मी म्हटलं, "बाई, मला मॅडम नका म्हणू. तुम्हीच मला अंकलिपी शिकवली."

"तवा शेंबूड पुसत होतो तुया. आता पदवीधर हायेस. म्हणू दे मले, बरं वाटते."

दहाच्या सुमाराला कॉन्व्हेंटची पिवळी गाडी रस्त्यावरून गेली. आत टाय लावलेली मुलं. आमची सगळी मुलं जाळीला चिकटून पाहत राहिली. निर्मलाबाईंचं तोंड एवढंसं झालं. पोळा झाला की मारुतीकडचे मोठे शेतकरी केवळरामजी आपल्या नातीला, टीनाला, त्या गाडीत बसवणार आहेत. कॉन्व्हेंटवाले मधेच केव्हाही नाव घालून घेतात म्हणे. मदतनीस बेबीबाई खिचडी ढवळता ढवळता म्हणाल्या, "केवळरामजी गेले का मारुतीकडचे सारे गेले. आपन बसू मंग दोघी, फुगडी खेळत."

टीना चार वर्षांची. सगळ्यात मोठा आवाज तिचा.

मी ठरवलं आहे की टीना जाणार नाही. कसं, ते माहीत नाही.

२२ जुलै

अंगणवाडीमागे शौचालयाच्या बांधकामातून उरलेल्या विटांचे तुकडे पडले आहेत. टीनाने त्यातली अर्धी वीट घेतली, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि ओढत निघाली. आमच्या वस्तीतला मोनू मागून हाकलत होता, "हर्र, चाल."

"हे काय आहे, टीना?"

"दिसत नाही का ताई? बैल हाये."

"घरी नाही का तुझ्याकडे लाकडाचा?"

"हाये ना. आलमारीवर. त्याले हात लावाचा नाही. आबाजी पोळ्यालेच उतरवते."

मला एकदम माझी वीट आठवली. मी टीनाएवढीच असेन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मारुतीकडची मुलं सजवलेले लाकडी बैल घेऊन रांगेत उभी राहायची, चांगल्या बैलाला बक्षीस मिळायचं, मग घरोघरी जाऊन ती बोजारा मागायची. लोक हातावर काहीबाही ठेवायचे. आम्ही पोळा करत नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून सुटला. तरी मी घरामागे विटेला सुतळी बांधून फिरवत होते. बाबा कामावरून आले, त्यांनी ती वीट उचलली आणि नाल्यापलीकडे फेकली. बाबा मला कधी रागावले नाहीत, फक्त त्या दिवशी. "आपल्या घरी बैल नाही अन् पोळाबी नाही," एवढंच म्हणाले. बाबा तत्त्वाचे पक्के आहेत.

आमच्या चंद्रकांता मॅडम वर्गात सांगतात, खेळ पुस्तकातून नेऊ नका, मुलांकडूनच उचला. मला माझा विषय मिळाला आहे: बैल.

२८ जुलै

आई सध्या केवळरामजींच्या शेतात धानाच्या रोवण्याला जाते. आज चिखलाने पोटऱ्यांपर्यंत माखून आली. पाय चोळताना सांगत होती, यंदा त्यांनी चिखलणीला ट्रॅक्टर सांगितला होता. "एकच बैल रायला ना आता. राजा. सर्जा इकला त्यानं उन्हाळ्यात, बुढा झालता. कोनाले देला ते सांगतच नाही. दोन दिवस जेवला नाही म्हने, रुखमाबाई सांगत होती."

यांत्रिकीकरणाचा मुलांच्या खेळावर परिणाम, असा एक मुद्दा करता येईल. टिपून ठेवते.

३ ऑगस्ट

मनाशी एक ठरलं आहे आणि फार आनंद होतो आहे. कोणत्याच मुलाने वीट का ओढावी? ज्याला नाही त्यालाही खरा बैल मिळाला पाहिजे. मी मारुतीकडच्या घरांतून लाकडी बैल मागून आणणार आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी मैत्रिणीच्या घरचे आणि तुमसरच्या मावशीच्या शेजाऱ्यांकडचे आणेन. सात तारखेला चंद्रकांता मॅडम भेट द्यायला येतील तेव्हा प्रत्येक लेकराच्या हातात बैल असेल. दोन्हीकडची मुलं एकत्र. समतेचा याहून चांगला पाठ कोणता?

बाबांना अजून सांगितलेलं नाही. पूजा नाही, टिळा नाही, मग सांगायचं काय? हा नुसता खेळ आहे.

७ ऑगस्ट

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

सगळं मांडून तयार होतं. पताका, आंब्याचं तोरण, झुली घातलेले बैल. मॅडम खुर्चीवर बसल्या. मी मुलांना म्हटलं, "चला, खेळा."

मुलांनी बैल घेतले आणि भिंतीशी एका रांगेत उभी राहिली. दोरी हातात, तोंड समोर. कोणी हललं नाही. मी टाळ्या वाजवल्या, गाणं म्हटलं, एकाचा बैल मीच ओढून दाखवला. रांग तशीच. बऱ्याच वेळाने टीनाने विचारलं, "ताई, बक्षीस कवा?"

मग "माया बैल मोठा हाये," "तुयाच्या त चाकच नाही," आणि दोघांची मारामारी. उसन्या आणलेल्या एका बैलाचा कान तुटला. आमच्या वस्तीतली तिघं आलीच नव्हती. मोनूची आई सकाळी निर्मलाबाईंना सांगून गेली होती, "आनंदरावची पोरगी पोळा भरवून राहिली म्हने. शिकून हेच केलं का?"

मॅडम माझ्यावर रागावल्या नाहीत, त्यामुळे मी जास्त ओशाळले. बस यायच्या आधी त्या झाडाखाली थांबल्या आणि म्हणाल्या, "मनाली, हा कार्यक्रम छान होता. खेळ कुठे होता? वीस तारखेला तुमचा गुणांचा पाठ आहे. त्या दिवशी मला खेळ दाखवा."

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बाबा ओट्यावर बसले होते. मी स्वतःच बोलायला लागले की पूजा नव्हती, टिळा नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "त्या रांगेत आपली जागा नाही, मने." आणि उठून आत गेले.

आई चुलीशी होती. हळूच म्हणाली, "तुया बापानं लहानपनी मातीचा बैल केलता. शिंगं गिंगं लावून. घेऊन गेलता तान्ह्या पोळ्यात. तसाच वापस आनला."

"का?"

"मले काय इचारतेस. त्याले इचार."

बाबांना आता काही विचारायचं माझं धाडस नाही. आपल्या तत्त्वांपासून पोरगी ढळली, असंच त्यांना वाटत असणार.

१० ऑगस्ट

बैल घरोघरी परत केले. तुटलेला कान चिकटवून दिला. टीनाच्या आजीने, रुखमाबाईंनी, तिचा बैल हातात घेतला, पदराने पुसला आणि लगेच आलमारीवर ठेवला. त्या क्षणी मला दिसलं. तो बैल टीनाचा नाहीच. तो घराचा आहे. त्याला पडता येत नाही, आजारी पडता येत नाही, चिखलात बसता येत नाही. त्याला फक्त उभं राहता येतं. विटेला सगळं करता येतं.

आणि वीट कोणाच्या घराची नाही. तिच्यात ना कोणाचा देव, ना कोणाचा मान.

म्हणजे माझ्याकडे पहिल्याच आठवड्यात खेळ होता आणि मीच तो काढून घेऊन त्याच्या जागी शोभेची वस्तू ठेवली. पदवीधर मुलगी.

बेबीबाईंना सांगितलं की उद्यापासून विटाच. त्यांनी डोक्याला हात लावला. "हात कापतीन ना पोट्ट्याईचे. किती धारा हायेत त्यायले. मायबाप येतीन भांडाले." ते खरं आहे. घरी जेवताना मी हेच आईला सांगत होते. बाबा बाजूलाच जेवत होते.

१२ ऑगस्ट

आज एक गंमत झाली. सकाळी गेले तर मागच्या भिंतीशी विटांचा छोटा ढीग नीट रचलेला. ओळीवर ओळ, सांध्यावर सांधा येऊ न देता. प्रत्येक विटेचे कोपरे घासून गोल केलेले, हात फिरवला तर कुठे टोचत नाही. प्रत्येकीला कमरेत बारीक खाच पाडलेली, सुतळी सरकू नये म्हणून.

मी बेबीबाईंचे हात धरले. त्या म्हणाल्या, "मी कायले करतो? मले खिचडीतून फुरसत हाये का?" असं म्हणायची त्यांची सवयच आहे. केलेलं काम कबूल करत नाहीत.

घरी मात्र माझं बाबांशी भांडण झालं. पावसाने काम बंद आहे, दोन दिवस ते घरीच होते, तरी माझा धुतलेला पांढरा टॉवेल लाल भुकटीने भरवून ठेवला. मी म्हटलं, बसल्या जागी एवढं काय करता? "बसल्या जागी काय होते?" म्हणाले आणि बिडी शोधायला लागले.

१६ ऑगस्ट

मला माझ्या मुलांचा अभिमान वाटतो. असं लिहिणं शास्त्रीय नाही, पण वाटतो.

कोणी शिकवलं नाही, कोणी रांग लावली नाही. प्रत्येकाच्या विटेला नाव आहे. मोनूचा बैल बसला की उठत नाही. मोनू त्याच्या कानात, म्हणजे विटेच्या एका टोकाला, काहीतरी सांगतो. मी विचारलं काय सांगतोस. "त्याले म्हनलं, तुले आज सुट्टी हाये, पन उठून सुट्टी घे." एका मुलीने डॉक्टर होऊन काडीने सुई टोचली आणि बैलाला म्हणाली, "रडू नोको, मलेबी टोचली होती." आमच्या वस्तीतली तिघंही परत आली आहेत. विटेला कोणाच्या आईची हरकत नाही.

निर्मलाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. "इतके वर्स झाले," म्हणाल्या, "मी याले कचरा म्हनत होतो."

टीनाच्या विटेचं नाव सर्जा. ती त्याला कोणाला ओढू देत नाही.

२० ऑगस्ट

आज पाठ झाला. क्रमाने लिहिते.

चंद्रकांता मॅडम आल्या. पताका नव्हत्या, तोरण नव्हतं. मी मुलांना काहीच म्हटलं नाही, नुसतं मागचं दार उघडलं आणि पायरीवर बसले.  मुलं धावली, विटा घेतल्या, आणि जरा वेळाने आम्ही सगळी मोठी माणसं तिथे नसल्यासारखीच झालो.

तेवढ्यात जाळीबाहेरून आवाज आला. "काय चालून राहिलं हे?" केवळरामजी. खांद्यावर शेला, पायात चिखलाच्या वहाणा. ते आत आले. "मनाली, तू आनंदरावची पोरगी हायेस, शिकली सवरली हायेस, म्हनून शांततेत इचारतो. माया नातिनले घरी सागवानाचा नंदी हाये. अन् तू तिले इटा ओढाले लावतेस? इटा ओढाचंच असन त भट्टीवर नाही का जानार ते? त्याच्यासाठी शाळा कायले लागते?"

मॅडम ऐकत होत्या. गुणांचा पाठ चालू होता.  इतक्या दिवसांत वाचलेलं एक वाक्य आठवेना. मी एवढंच म्हणाले, "काकाजी, मला सांगता येत नाही. तुम्ही थोडं बसता का? बसून बघा, आणि मग तिला घेऊन जा. मी अडवणार नाही."

"बसाले टाइम नाही मले," असं म्हणत ते पायरीवर बसले.

टीनाने त्यांना पाहिलंच नाही. ती सर्जाला घेऊन पार निंबाच्या झाडापर्यंत चालली होती. मोनूने विचारलं, "कुठं नेऊन राहिली?"

"मामाच्या गावाले."

"कवा येते?"

"येत नाही. तिथं चारा लय हाये. करमते त्याले तिथं."

"मंग तू रडून काहून राहिली?"

"मी कुठं रडून राहिली? आबाजी रडते. गोठ्यात जाऊन रडते. त्याले वाटते मले माहीत नाही. सांगजो नोको."

तिने वीट झाडाच्या बुंध्याशी टेकवली, तिच्यावर निंबाचा डहाळा ठेवला, वरून दोनदा थोपटलं. मग चिंधी सोडवून घेतली, कारण चिंधी दुसऱ्या विटेला लागणार होती. "चाला," म्हणाली, "राजा एकटा हाये, त्याच्याजवळ बसू." सगळी मुलं राजाजवळ जाऊन बसली.

केवळरामजींनी शेला तोंडाला लावला. विटांची भुकटी डोळ्यात गेली असावी, मुलं फारच घासत ओढत होती. नंतर ते उठले, टीनाला उचलून घेतलं, माझ्याकडे न पाहता निघून गेले.

म्हणजे टीना गेली. मी शब्द दिला होता, अडवलं नाही.

मॅडमनी मला एकही प्रश्न विचारला नाही. बसमध्ये चढताना नुसता माझा हात दाबला. हे चांगलं की वाईट, कळत नाही.

पाठाच्या टिपणात लिहिलं: कल्पनाखेळ, सहकार्य, नात्यांची जाण, टीनाला मामाचं गाव विशेष प्रिय असावं.

आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "टीनाच्या मायले भाऊ कुठं हाये? पाच बहिनीच तर हायेत त्या."

मग मामाचं गाव आलं कुठून? मुलांची कल्पनाशक्ती अफाट असते हेच खरं.

२२ ऑगस्ट

टीना कालही नाही, आजही नाही. पोळ्यापर्यंतही थांबले नाहीत बहुधा. पिवळी गाडी आली तेव्हा मी खिडकीशी गेले नाही. बेबीबाई गेल्या. "दिसली नाही ना गाडीत," म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. निंबाखाली ती वीट डहाळ्यासकट तशीच आहे. मुलं तिला हात लावत नाहीत. वळसा घालून जातात.

२४ ऑगस्ट

सकाळी केवळरामजी आमच्या घरी आले. याआधी ते आमच्या ओट्यापर्यंत आलेले मला आठवत नाहीत. बाबांनी खुर्ची दिली, आईने चहा ठेवला. टीना त्यांच्या बोटाला धरून होती. तिला ताप होता, म्हणून आली नव्हती. एवढंच कारण, आणि मी काय काय समजून बसले होते.

चहा पिता पिता ते खाली पाहून म्हणाले, "पोरी, सर्जा म्या खाटकाले नाही देला. देवरीकडच्या एका मानसाले देला. पन तो बुढा बैल कायले नेते, ते मले समजत नाही का? टीनाले सांगतलं का मामाच्या गावाले गेला. तिले मामाच नाही हे इसरूनच गेलो."

 मी टिपणात काय लिहिलं होतं ते आठवलं. समोर घडत होतं, मी जवळच बसले होते, अक्षरन् अक्षर लिहून घेतलं होतं.

"चार मयन्यापासून ते पोरगी मले सांभाळून राहिली," केवळरामजी म्हणाले. "अन् म्या म्हनो, लहान हाये." मग घसा साफ करून म्हणाले, "गाडीवाल्याले नाही म्हनलं. इथंच राहीन ते."

मला नाचावंसं वाटलं. पण ते पुढे बोलत होते. तान्हा पोळा त्यांच्याच हाती असतो. या वर्षी त्यांना विटांच्या बैलांची वेगळी रांग लावायची आहे, मारुतीच्या पटांगणात. मंडप, माइक, पहिलं बक्षीस त्यांच्यातर्फे. पेपरवाल्यालाही बोलावतील. "सांगू साऱ्याईले, आनंदरावच्या पोरीनं आनलं हे. सारे लेकरं येऊ दे. तुमच्याकडचेबी."

बाबा ओट्यावरच्या खांबाला टेकून उभे होते. "तुमच्याकडचेबी" म्हटल्यावर त्यांनी आपल्या हाताच्या तळव्याकडे पाहिलं, जणू तिथे काही लागलं आहे.

केवळरामजी गेल्यावर मी विचारलं, "बाबा, काय करू?"

"तू शिकली हायेस. तूच ठरव."

खरं सांगायचं तर मन फार ओढ घेत होतं. पेपरात फोटो. चंद्रकांता मॅडम वाचतील. सगळ्या गावापुढे माझं नाव, बाबांचं नाव. ते चांगल्या मनाने देताहेत, आणि मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पण डोळ्यापुढे सारखी तीच रांग येते. दोरी हातात, तोंड समोर, ताई बक्षीस कवा. आणि मातीचा बैल तसाच परत घेऊन येणारा एक मुलगा. आई म्हणाली तेव्हा मी तो पाहिलाच नव्हता. आज दिवसभर तो दिसतो आहे.

२५ ऑगस्ट, पोळा

सकाळी लवकरच मारुतीकडच्या मोहल्ल्यात जाऊन आले. ते खाली लिहीन, आधी घरचं.

येताना अंगणवाडीवरून आले आणि ढिगातली एक वीट घेतली. सुतळी बांधली आणि आमच्या दारात ठेवली, ओट्याच्या पायरीशी, जिथून बाबा रोज थापी घेऊन निघतात. मुद्दाम ठेवली. फेकायची असेल तर त्यांनी माझ्यासमोर फेकावी, असं मनात होतं. 

बाबा बाहेर आले. वीट पाहिली. खाली बसले, ती उचलली, मांडीवर घेतली. चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, एका ठिकाणी थांबला.

"हा एक कोपरा राहून गेला वाटते," म्हणाले, आणि ओट्याच्या दगडावर हळूहळू घासायला लागले. लाल भुकटी त्यांच्या धोतरावर पडत होती.

मी बेबीबाईंना किती वेळा धन्यवाद दिले होते. त्या बिचाऱ्या सारख्या सांगत होत्या.

 मी त्यांच्याजवळ बसले. घासून झाल्यावर बाबांनी फुंकर मारली, सुतळी ताणून पाहिली. "गाठ ढिली हाये," म्हणाले आणि सोडून पुन्हा बांधली. मग विटेकडेच पाहत म्हणाले, "इतकं बारीक कोनी पाहाते का लेकरायचं? तुया कॉलेजात हेच शिकवत असतीन, त मंग शिक."

वीट पायरीवर ठेवली. मग विचारलं, "केवळरामले काय सांगशील मंग? उद्या मंडप टाकून राहिला तो."

"सांगून आले, बाबा."

त्यांनी मान वर केली.

"सकाळीच. राजाला धूत होते ते. म्हटलं, काकाजी, रांग नको, बक्षीस नको, पटांगण नको. विटा अंगणवाडीच्या अंगणातच राहतील. ज्याला यायचं त्याने तिथे यावं, कोणाच्याही मोहल्ल्यातून यावं."

"रागावला?"

"आधी रागावले. म्हणाले, कालची पोरगी मले शिकवते. मग राजाच्या पाठीवर पाणी टाकत राहिले. मी निघाले तर मागून विचारलं, बुढ्या मानसाले तरी येता येते का तिथं, का त्यालेबी पदवी लागते?"

बाबा हसले. "मंग? तू काय म्हनली?"

"म्हटलं, या. पायरीवर जागा आहे. बाबाही येणार आहेत."